सह्याद्रीची वाट, स्त्रीचा पाय आणि बुटातली गादी

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या डोंगरवाटा धावणाऱ्यांनी गजबजू लागतात. कुणी सिंहगड, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करत असते, तर कुणी रविवारी पहाटे घराजवळच्या टेकडीवर पंधरा-वीस किलोमीटर धावून येते. या गर्दीत महिलांची संख्या आता नजरेत भरण्याएवढी असते. चाळिशीनंतर धावायला सुरुवात करून पन्नास किलोमीटरपर्यंत मजल मारणाऱ्याही त्यात असतात.

अंतर वाढू लागले की पहिला प्रश्न बुटांचा येतो. पाच किलोमीटरला चालून गेलेला बूट तीस किलोमीटरला तळवे जाळतो, नखे काळी-निळी करतो. मग दुकानात मागणी होते, ‘जास्त कुशनिंगवाला द्या.’ दुकानदार जाड, फुगीर तळाचा, किमतीने दहा-पंधरा हजारांच्या घरातला बूट पुढे करतो. पाय आत घातला की ढगावर उभे राहिल्यासारखे वाटते आणि खरेदी होते. मात्र दुकानातल्या गुळगुळीत फरशीवरचा हा मऊपणा डोंगरात सहाव्या तासाला उपयोगी पडेलच, असे नाही. पायाला काय हवे आणि वाटेला काय हवे, या दोन्हींचा मेळ बसला तरच गादीचा फायदा होतो.

गादी कशासाठी?

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट बल जमिनीकडून पायावर येते. मिनिटाला १६० पावले धरली, तर तासाला ९,६०० आणि सहा तासांत साडेसत्तावन्न हजारांहून अधिक पावले होतात. उतारावर हा भार आणखी वाढतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, नऊ अंशांच्या उतारावर धावताना पाऊल टेकताक्षणी बसणारा आघात सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी जास्त आढळला. गड उतरून आल्यावर मांड्या थरथरतात आणि तळवे हुळहुळतात, ते याचमुळे.

जाड गादीच्या बुटांचा जन्मही उतारासाठीच झाला. २००९ मध्ये दोन फ्रेंच डोंगरवेड्यांनी ‘होका’ ही कंपनी काढली, ती उतार वेगाने पार करता यावा म्हणून. गंमत म्हणजे त्याच वर्षी क्रिस्टोफर मॅकडूगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आले आणि जगभर अनवाणी धावण्याची, पातळ तळाच्या बुटांची लाट उसळली. काही वर्षांत ती ओसरली आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींत जाड तळच रुळला.

ही गादी म्हणजे बुटाच्या मधल्या थरातला फोम. बहुतेक बुटांत तो ‘ईव्हीए’ या हलक्या प्लास्टिकचा असतो. महागड्या बुटांत ‘पीबा’सारखा अधिक उसळी देणारा फोम वापरतात. फोम दाबला जातो आणि पुन्हा फुलतो. त्यामुळे पाऊल टेकल्याचा धक्का थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर वाटला जातो. टोकदार दगड तळव्याला थेट टोचत नाही, हा डोंगरातला त्याचा सगळ्यात ठोस फायदा.

मऊ म्हणजे सुरक्षित?

इथे विज्ञानाचे उत्तर सरळ ‘हो’ असे नाही. लक्झेंबर्गमधील संशोधकांनी ८४८ हौशी धावपटूंना दोन गटांत विभागून सहा महिने बूट वापरायला दिले. बूट दिसायला सारखेच होते. फरक होता तो फक्त फोमच्या कडकपणाचा, आणि आपल्याला कोणता मिळाला हे धावपटूंना ठाऊक नव्हते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कडक बूट वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट आढळला. पण खोलात गेल्यावर वेगळीच गोष्ट दिसली. मऊ बुटांचा हा फायदा तुलनेने हलक्या वजनाच्या धावपटूंना झाला होता, जड वजनाच्यांना नाही. ‘वजन जास्त, म्हणून गादी जास्त’ हा दुकानातला सल्ला त्यामुळे डळमळीत होतो.

फिनलंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये याहून उलटे वाटणारे निरीक्षण मांडले. जाड, मऊ बुटांत वेगाने धावताना पावलाचा सुरुवातीचा आघात साध्या बुटांपेक्षा थोडा वाढला. पायाखाली मऊ लागले की शरीर नकळत पाय अधिक ताठ ठेवते, हे त्याचे कारण. वाळूत धावताना आणि डांबरावर धावताना पाय आपोआप वेगळे वागतात, तसाच हा प्रकार. मात्र त्या प्रयोगात अवघे बारा धावपटू होते आणि ते सगळे पुरुष होते.

धावण्याच्या बुटांवरच्या बारा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या ‘कॉक्रेन’ आढाव्यालाही अमुक प्रकारचा बूट दुखापत टाळतो, असा पक्का पुरावा सापडला नाही. त्यामुळे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेला विचार अनेक तज्ज्ञांना पटतो. पायाला जो बूट खरोखर आरामदायी वाटतो, त्यात शरीर आपल्या नैसर्गिक चालीने धावते, म्हणून निवडीची पहिली कसोटी आराम हीच असावी. फक्त हा आराम दोन मिनिटे उभे राहून ठरवायचा नसतो.

पुरुषी बुटाची छोटी प्रत नको

‘महिलांसाठी’ असा शिक्का असलेला प्रत्येक बूट स्त्रीच्या पायासाठी बनवलेला असतोच, असे नाही. कित्येकदा पुरुषांचाच बूट आकाराने लहान करून, रंग बदलून विकला जातो. स्त्रीचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान आवृत्ती नव्हे, हे २००१ मध्येच ७८४ जणांच्या पायांच्या मोजमापांतून दाखवले गेले आहे. पायाची लांबी सारखी असली तरी कमान, घोट्याची ठेवण आणि अंगठ्याजवळचा आकार यांत फरक असतो. अनेक स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. अशा पायाला चवड्यावर बेताचा बसणारा बूट टाचेत सैल पडतो. टाच वर-खाली घासते, फोड येतात आणि उतारावर पाय पुढे सरकून बोटे बुटाच्या टोकावर आदळतात.

भारतीय पायाची अडचण आणखी वेगळी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीयांचे पाय रुंद असल्याचे त्यात दिसले आणि त्यावरून ‘भा’ ही देशी मापपद्धत सुचवली गेली. डोंगरात धावण्याचे बहुतेक बूट मात्र अजून परदेशी मापांवरच बेतलेले असतात. त्यामुळे रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला जातो आणि टाच आणखी सैल होते. त्यापेक्षा त्याच नंबरात ‘वाइड’ मिळतो का, हे आधी विचारावे. पुरुषांच्या विभागातला लहान नंबर नीट बसत असेल, तर तो घेण्यातही काही गैर नाही.

बाळंतपणानंतर पुन्हा धावू लागणाऱ्या स्त्रियांनी जुन्या नंबरावर विसंबू नये. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात ४९ गर्भवतींच्या पायांची मोजमापे प्रसूतीनंतर पुन्हा घेण्यात आली. निम्म्याहून अधिक जणींचे पाय लांब झाले होते आणि कमान खाली बसली होती. हा बदल बहुधा कायमचा असतो.

वाट कोणती, तळ कोणता

सह्याद्रीचा बेसाल्ट पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो. तोच कातळ उन्हाळ्यात कोरडा आणि खरखरीत, तर बाजूच्या उतारावर मुरमाचा घसारा. कोकणात आणि महाबळेश्वर-कासच्या पठारांवर जांभा दगड. एकाच बुटाने सगळे निभावणे कठीण.

चिखल-मातीसाठी तळाचे दाते खोल हवेत, पाच मिलिमीटर किंवा अधिक. कोरड्या, दगडी वाटेवर तीन-चार मिलिमीटर पुरतात. ओल्या कातळावर मात्र दात्यांपेक्षा रबराचा चिकटपणा महत्त्वाचा ठरतो. फोम कितीही मऊ असला, तरी तळाचे रबर कडक असेल तर बूट घसरणारच. शेवाळावर तर उत्तम रबराचाही भरवसा नाही. तिथे चालत जाणेच शहाणपणाचे.

जाड तळाचा एक तोटाही ध्यानात घ्यावा. पाय जमिनीपासून जितका उंच, तितका घोटा मुरगळण्याचा झटका मोठा. म्हणून जाड बूट घेताना तळ खाली रुंद पसरलेला आहे ना आणि टाचेचा कप हाताने दाबल्यावर घट्ट राहतो ना, हे पाहावे. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला आहे, त्यांना अतिमऊ, उंच बुटापेक्षा मध्यम जाडीचा, स्थिर बूट अधिक मानवतो.

वजनाचाही हिशेब आहेच. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले, की धावण्याला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते. पावसाळ्यासाठी ‘वॉटरप्रूफ’ बूट घ्यावा, हा मोहही तपासून पाहावा. ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरते आणि असा बूट ते बाहेर सोडत नाही. सह्याद्रीच्या पावसात पाणी चटकन निथळून जाणारा जाळीदार बूटच बरा.

दुकानात काय पाहावे

बूट पाहायला संध्याकाळी जावे. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि लांब धावताना ते याहून अधिक सुजतात. धावताना वापरायचे मोजे सोबत न्यावेत. ते सुती नकोत, कारण सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड आणतो.

पायाची लांबी उभे राहून, दोन्ही पायांची मोजावी आणि मोठ्या पायाप्रमाणे नंबर घ्यावा. कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून बुटाच्या जिभेवर सेंटिमीटरमध्ये आकडा छापलेला असेल तर तो पाहावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बोटे आत मोकळी पसरता यायला हवीत. टाच मात्र हलता कामा नये. ती किंचित सैल वाटली, तर सर्वांत वरच्या जादा भोकातून नाडी ओवून घोट्याशी आवळून पाहावी. बऱ्याचदा तेवढ्याने काम भागते.

मग उतार शोधावा. दुकानाचा जिना किंवा पार्किंगचा रॅम्प चालेल. उतरताना बोटे पुढे आदळली तर तो बूट बाजूला ठेवावा. एका पायावर उभे राहून पाहावे. तोल सांभाळताना घोटा सारखा डगमगत असेल, तर ती गादी त्या पायासाठी फार मऊ आहे.

टाचेचा भाग चवड्यापेक्षा किती उंच आहे, त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. तो शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत असतो. ड्रॉप कमी असला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर भार वाढतो. जास्त असला की तो गुडघ्याकडे झुकतो. यात चांगले-वाईट काही नाही. आठ-दहा मिलिमीटरची सवय असलेल्या पायाला एकदम शून्याच्या बुटात घालणे मात्र धोक्याचे. नवा बूट आधी आठवड्यातून एक-दोन छोट्या फेऱ्यांना वापरावा आणि चार-सहा आठवड्यांत हळूहळू अंतर वाढवावे. शर्यतीच्या दिवशी कोरा बूट कधीच घालू नये.

फोमलाही वय असते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तो पूर्वीसारखा फुलत नाही, तळाचे दाते शाबूत असले तरी. मधल्या थरावर आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या आणि एरवी न दुखणारे तळवे किंवा नडग्या दुखू लागल्या, की बूट बदलावा.

बुटाच्या आवाक्याबाहेरचे

एक दुखणे मात्र कोणत्याही गादीने बरे होत नाही. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाखवता येईल अशी एकाच जागी वेदना, धावताना वाढणारी आणि पुढे रात्री आरामातही ठणकणारी, ही हाडाला बारीक तडा जात असल्याची खूण असू शकते. अशा दुखापतींचा धोका धावणाऱ्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक असतो. त्यामागे अनेकदा कमी खाणे असते. सराव वाढतो, पण घरातल्या सगळ्यांचे करून उरलेल्या वेळात आणि उरलेल्या अन्नात भागवले जाते. शरीराला ऊर्जा कमी पडली की पाळी अनियमित होते, थांबते, आणि हाडे कमकुवत होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असे नाव दिले. सराव वाढवल्यावर पाळी थांबली तर ती ‘फिटनेसची खूण’ नव्हे, धोक्याची सूचना आहे.

अशा वेळी अधिक मऊ बूट विकत घेऊन धावत राहणे हा सगळ्यात महाग पडणारा उपाय. धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये तडा दिसेलच असे नाही, म्हणून एमआरआय लागू शकतो. सोबत ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, पाळीविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे आणि आहाराचा हिशेब मांडावा. वेळीच विश्रांती मिळाली, तर असा तडा बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतो. दुखणे अंगावर काढले, तर पूर्ण मोसम हातचा जातो.