स्टीअरिंगचा उलट जोर

ल कॉर्बुझिए यांनी १९५१ साली हाती घेतलेल्या चंदीगडच्या रचनेत सेक्टरांच्या कडांनी रुंद, सरळ रस्ते जातात आणि ते जेथे एकमेकांस छेदतात तेथे पुष्कळदा वाहनांना वर्तुळास वळसा घालावा लागतो. मध्य मार्गावरील मटका चौकात असा वळसा घेताना चालकाला स्टीअरिंग उजवीकडे धरून ठेवावे लागते. पकड सैल केली की ते आपण होऊन सरळ होऊ पाहते. वळणावर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किंचित मुरडतो, आणि रस्त्याचा आडवा रेटा चाक ज्या आसाभोवती वळते त्याच्या मागच्या बाजूस पडतो. त्यातून चाकाला सरळ करणारा पीळ निर्माण होतो. पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर टायरची पकड सुटण्याच्या बेतात आली, की हा रेटा आसाच्या जवळ सरकतो आणि स्टीअरिंग एकाएकी हलके लागते. मोटार घसरण्यापूर्वीच मुरलेल्या चालकाच्या तळहातांना ती वार्ता कळते, ती अशी.

संगणकावरील शर्यतीच्या खेळात रस्ताही नसतो आणि टायरही नसतो. म्हणून खेळासाठी बनविलेल्या स्टीअरिंगच्या पोटात विजेची मोटर बसवितात. खेळ हा पीळ गणिताने काढतो आणि तेवढाच जोर लावण्याची आज्ञा सेकंदाला कित्येक वेळा मोटरला देतो. विमानाच्या काचेपुढे वैमानिकाच्या दृष्टीसमोर आकडे उमटविणारे उपकरण चंदीगडच्याच केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने तेजस विमानासाठी घडविले. ते डोळ्यांसाठी होते. हे उपकरण हातांसाठी आहे, एवढाच फरक.

अडचण येते ती आज्ञेच्या भाषेत. उत्पादक आपल्या यंत्राचे चालक-सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच देतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सच्या गाभ्यात अशा जोरांसाठी सामान्य योजना आहे: सतत जोर, स्प्रिंगसारखा ओढा, घर्षण, लयबद्ध थरथर. परंतु कित्येक स्टीअरिंगे उत्पादकाची खाजगी भाषा बोलतात. ती उकलण्यासाठी हौशी मंडळींनी विंडोज आणि यंत्र यांच्यात तारेवरून जाणारे संदेश टिपून त्यांचा अर्थ लावला. विकत घेतलेल्या वस्तूचा निम्मा गुण मुका राहू नये, म्हणून पदरचा वेळ खर्चून केलेले हे काम आहे, आणि ते उघडे असल्यामुळे उत्पादकाने टाकून दिलेली जुनी यंत्रेही चालती राहतात.

लॉजिटेकच्या जी२९ चे उदाहरण घ्यावे. त्यावरील कळ पीएस३ या खुणेवर ठेवली, तर लिनक्स त्याला ओळखून त्याच्या पूर्ण ९०० अंशांच्या फिरण्यात आणते. मात्र गाभ्यातील चालक मुख्यत्वे सतत जोरच जाणतो. स्प्रिंग आणि थरथर हवी असल्यास न्यू-एलजी४एफएफ हा पर्यायी चालक बसवावा लागतो.

एवढे करूनही कधी कधी स्टीअरिंग फिरते, खेळातील मोटार वळते, आणि हाताला मात्र काहीच जाणवत नाही. येथे प्रथम परवानगी तपासावी. स्टीअरिंगची स्थिती वाचण्यास यंत्राची फाईल वाचता येणे पुरते. जोर पाठविण्यास त्याच फाईलमध्ये लिहिण्याचा अधिकार लागतो. मग एफएफटेस्ट या छोट्या आज्ञावलीने एकेक जोर लावून पाहावा. लिनक्सच्या मार्गदर्शिकेत त्या वेळी यंत्रावर हात ठेवण्याचा शहाणपणाचा सल्ला आहे, कारण काही यंत्रे आरंभी अनावर झटके देतात. येथे जोर लागला आणि खेळात लागला नाही, तर दोष खेळाकडे किंवा विंडोजचे खेळ लिनक्सवर चालविणाऱ्या प्रोटॉनसारख्या दुभाष्याकडे शोधावा.

जोर मिळू लागला की तो कमाल करण्याचा मोह होतो. अशा स्टीअरिंगच्या मोटरची ताकद सुमारे दोन न्यूटन-मीटर असते. मागणी त्यापुढे गेली की साधे वळण आणि तीव्र वळण दोन्ही हाताला सारखीच जड लागतात, आणि टायर सुटण्यापूर्वीचा तो हलकेपणा त्यात बुडून जातो. तेव्हा खेळातील जोर थोडा उतरवावा, म्हणजे तो पुन्हा जाणवू लागतो.