शिनोळीला बारा हजार, उचगावला सहा हजार. आणि तेही का अडकतात?

उचगाव : वेंगुर्ला रस्त्यानं पुढं गेलं की थोड्याच वेळात शिनोळी लागतं. माती तीच, भात तेच, रताळीही तीच. पण शिनोळीच्या पात्र शेतकऱ्याला वर्षाला बारा हजार रुपये, उचगावच्या शेतकऱ्याला सहा हजार. "आमचं काय चुकलं?" हा प्रश्न कट्ट्यावर हमखास निघतो.

पीएम किसान ही केंद्राची योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. आधी दोन हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी जूनपासून निघाली. त्यावर येडियुराप्पा सरकारनं २०१९ मध्येच राज्याचे ४,००० रुपये घातले. म्हणजे तेव्हा उचगावला दहा हजार आणि शिनोळीला सहाच! हे आता कुणाच्या लक्षात नाही. २०२३ मध्ये सिद्धरामय्या सरकारनं हे चार हजार बंद केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं 'नमो शेतकरी महासन्मान निधी'चे सहा हजार सुरू केले. पारडं उलटं झालं. डीएपीचं पोतं १,३५० रुपयांना धरलं, तर गेलेले चार हजार म्हणजे जवळजवळ तीन पोती.

राज्याचं धोरण आपल्या हातात नाही. पण केंद्राचे दोन हजारही अनेकांचे अडकतात, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा कागदात असतं.

कर्नाटकात सगळं 'फ्रूट्स' प्रणालीतल्या शेतकरी ओळख क्रमांकावर, म्हणजे एफआयडीवर चालतं. रयत संपर्क केंद्रात आधार, उतारा आणि पासबुक दिलं की तो निघतो. मात्र आपले सगळे सर्व्हे नंबर त्याला जोडलेत का, हे नक्की बघा. पीक नुकसानीची भरपाईही त्यावरच ठरते. एक तुकडा राहिला तर तेवढ्या क्षेत्राचे पैसे गेले.

दुसरी अडचण नावाची. उतारा कन्नडमध्ये, आधारवर नाव इंग्रजीत, घरात बोलतो मराठीत. उताऱ्यावर वडिलांचं नाव, आधारवर आडनाव, मग यंत्राला दोन माणसं दिसतात. मराठीत कागद मागायचा आपला हक्क आहे, ते भांडण चालूच राहील. पण तोवर दोन्हीकडचं नाव जुळवून घेतलेलं बरं.

सगळ्यात जास्त घोळ वारशाचा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी उतारा त्यांच्याच नावावर. कसणाऱ्याला पैसे नाहीत, कारण योजना उताऱ्यावरच्या मालकाला आहे. नाडकचेरीत मृत्यू दाखला आणि वंशावळ देऊन वारसा नोंद करावीच लागते. यात एक तारीख महत्त्वाची, १ फेब्रुवारी २०१९. त्यानंतर खरेदीनं नाव लागलं असेल तर लाभ नाही. वडील हयात असताना वाटणी करून घेतली तरी तेच. मालकाच्या मृत्यूनंतर वारसानं आलेली जमीन तेवढी चालते. "नाव तर लागलंय की," म्हणणाऱ्यांना इथंच खो बसतो.

ई-केवायसी झालं तरी पैसे दिसत नसतील तर दुसऱ्या बँकेचं पासबुक भरून बघा. रक्कम आधारवरून जाते, आणि आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं त्याच खात्यात पडते. पोरानं मध्येच नवीन खातं काढून दिलं असेल, तर पैसे तिथं पडून असतात.

शिनोळी, तुडये भागात जमीन असून इकडं राहणारेही बरेच आहेत. उतारे दोन राज्यांत असले तरी पीएम किसान कुटुंबाला एकदाच. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. 'नमो'चे पैसे महाराष्ट्राच्या यादीतल्या लाभार्थ्यांनाच.

आयकर भरणारे, सरकारी नोकर (शिपाई वर्ग सोडून) आणि महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शनवाले यात बसत नाहीत. घेतलेले पैसे परत मागितले जातात.

चौकशीसाठी हेल्पलाईन १५५२६१. फोन करताना आधार आणि एफआयडी हाताशी ठेवा.