महापौर कुणाचा?

बेळगावच्या मतदाराला महापौर निवडण्याचा अधिकार नाही. तो निवडतो आपल्या प्रभागाचा नगरसेवक. मग ते अठ्ठावन्न नगरसेवक, मताचा हक्क असलेल्या आमदार-खासदारांसह, प्रादेशिक आयुक्तांच्या समोर हात वर करतात आणि शहराला एका वर्षापुरता महापौर मिळतो. वर्ष सरले की हा सोहळा पुन्हा. त्यातही पद कोणत्या वर्गासाठी राखीव राहील हे सरकार ठरविणार आणि रोजचा कारभार आयुक्तांच्या सहीने चालणार. हिशेबी माणसाने विचार केला, तर या पदापायी घसा कोरडा करावा असे त्यात फारसे काही उरत नाही. आणि तरीही गणपत गल्लीपासून वडगाव-अनगोळपर्यंत 'महापौर कुणाचा?' या एका प्रश्नावर जेवढा चहा थंड झाला असेल, तेवढा दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावर झाला नसेल.

'महापौर कोण?' असे तिथे सहसा कुणी विचारीत नाही, 'कुणाचा?' असेच विचारतात. या षष्ठी विभक्तीतच बेळगावचा सारा इतिहास आहे म्हणा ना.

तो इतिहास आपल्या वाचकांस नवा नाही. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेच बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी, नंदगड, खानापूर महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवावे असे सांगितले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यालाही दोन दशके उलटून गेली. एवढ्या काळात मराठी माणसाला आपले म्हणणे अधिकृतपणे मांडता येईल अशी जी थोडी ठिकाणे उरली, त्यांत महापालिकेचे सभागृह हे एक. म्हणून ती वर्षभराची खुर्ची इतकी जड झाली.

किती जड, ते २००५ साली दिसले. विजय मोरे महापौर असताना सभागृहाने बेळगाव महाराष्ट्रात जावे असा ठराव केला. मोरे बेंगळुरास गेले असता त्यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले आणि त्याच महिन्यात सरकारने महापालिका बरखास्त केली. सहा वर्षांनी, २०११ च्या १ नोव्हेंबरला, महापौर मंदा बाळेकुंद्री काळ्या दिनाच्या फेरीत सामील झाल्या आणि डिसेंबरात महापालिका पुन्हा बरखास्त झाली. ज्या पदाला गटाराचे झाकण बदलण्याचाही पुरता अधिकार नाही, त्या पदावरून निघालेल्या एका कागदाने सरकार हलते, हे मराठी घरांनी पाहिले. आणि सरकार हलले तर आपली महापालिकाच जाते, हेही त्याच घरांनी पाहिले. तिथल्या वादाची दोन्ही टोके या दोन अनुभवांत आहेत.

शहापुरात माझी मावशी दिली आहे. बेळगावला खेटून असलेले हे शहापूर, संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीकर पटवर्धनांचे. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली तिकडे देण्याची आणि तिकडच्या इकडे करण्याची रीत जुनी. मावशी आता नाही. पण तिचे यजमान, आमचे काका, ऐंशी ओलांडूनही रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. २०२१ च्या सप्टेंबरात महापालिकेचा निकाल लागला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत दुसरा विषय निघणेच शक्य नव्हते.

निकाल असा होता. त्यापूर्वी बेळगावची महापालिका पक्षांच्या चिन्हांवर लढविली जात नसे. एका बाजूला मराठी गट, दुसऱ्या बाजूला कन्नड आणि उर्दू भाषकांचा, असा तो सामना असे. २०२१ साली पक्ष आपापली चिन्हे घेऊन उतरले. अठ्ठावन्नपैकी भाजपला पस्तीस, काँग्रेसला दहा, अपक्षांना आठ, एमआयएमला एक आणि महाराष्ट्र एकीकरण समितीला चार जागा मिळाल्या. ज्या समितीच्या गटाने २०१३ मध्ये सभागृहात बहुमत मिळविले होते, तिला चार! आणि त्याच वर्षी, अवघ्या चार महिन्यांपूर्वी, लोकसभेच्या पोटनिवडणुकीत समितीचे तरुण उमेदवार शुभम शेळके यांनी एक लाख सतरा हजारांवर मते घेतली होती. ती निवडणूक इतकी चुरशीची झाली की भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींच्या पुढे गेल्या त्या केवळ ५,२४० मतांनी. लोकसभेचा मतदारसंघ शहराहून पुष्कळ मोठा, हे खरे. पण मराठी मत आटले, असे मे महिन्यात कुणी म्हणू शकले नसते.

"मग गेलं कुठं?" काकांनी भाताचा घास तसाच हातात धरून विचारले.

"कुठं जाणार, अण्णा? वाटून गेलं की," त्यांचे चिरंजीव, आमचे दादा, म्हणाले. "एकेका प्रभागात आपलेच तीन-तीन, चार-चार उभे. समितीचा कोण, समितीतनं फुटलेला कोण आणि पक्षाच्या तिकिटावरचाही मराठाच. मतदारानं कुणाचं तोंड बघायचं?"

"चिन्ह बघायचं नाही, माणूस बघायचा."

"तेच केलं ओ लोकांनी! रात्री दोन वाजता दवाखान्याला न्यायला कोण येतो, ते बघितलं."

काकांना हे उत्तर मानवले नाही. १९९६ च्या लोकसभेला बेळगावातून ४५६ उमेदवार उभे राहिले होते, सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष जावे म्हणून. त्या काळच्या गोष्टी ते अजून सांगतात. निवडून कुणी यायचे नव्हते. मतपत्रिकेचा पसारा व्हावा आणि दिल्लीला विचार करावा लागावा, एवढाच हेतू. मत म्हणजे काकांच्या लेखी एक अर्जच आहे, पुन्हा पुन्हा दाखल करायचा. तो मंजूर होत नाही म्हणून दाखल करणे सोडायचे, हे त्यांना पटत नाही.

वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "मी तर दारात आलेल्या प्रत्येकाला एकच विचारलं, पाणी कितव्या दिवशी? एकालाही सांगता आलं नाही. भाषेचं मात्र सगळ्यांना बोलता येत होतं."

बेळगावच्या पाण्याची कथा ठाऊक नसेल तर हे बोलणे साधे वाटेल. राकसकोप आणि हिडकल ही दोन धरणे शहराला पाणी देतात. २००८ मध्ये शहराच्या सुमारे दहाव्या हिश्शाला चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी म्हणून गाजला. बाकीच्या नऊ हिश्शांनी मात्र वर्षानुवर्षे भांडी भरून ठेवली. एकाच गावात दोन गावे झाली. भाषेने नव्हे, नळाने. ज्या घरात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येते, तिथली बाई मताचा विचार हंडे मोजत करते, यात तिच्या मराठीपणाला उणेपणा येत नाही.

पण त्या दिवशीचा खरा वाद पुढेच होता. नातू, बेंगळुरास नोकरी करणारा, कन्नड मराठीइतकेच सफाईने बोलणारा, इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आजोबा, मी मराठी आहे हे सांगायला मला मत लागत नाही."

काका क्षणभर थांबले. "तुला लागत नाही," ते म्हणाले, "कारण आम्ही दिलं."

त्यावर कुणी काही बोलले नाही. मलाही दोघांपैकी एकाची बाजू घेता आली नाही, आणि आजही घेता येत नाही. काकांच्या पिढीने मराठी शाळा, वाचनालये, फलक, कागद राखले. सरकारी कागदपत्रे मराठीतही मिळावीत ही तिथल्या मराठी भाषकांची मागणी अजून तशीच आहे. नातवाला जी भाषा आपसूक मिळाली, ती आपसूक राहिलेली नाही, एवढे त्याने लक्षात घ्यावे. उलट, ज्याला दोन भाषा येतात आणि दोन्हींत मित्र आहेत, त्याला प्रत्येक निवडणुकीत आपण कुणाचे ते सिद्ध करायला लावणे हा त्याच्यावर जुलूमच की!

संध्याकाळी शेजारचे कापडाचे व्यापारी आले. घरात कन्नड बोलणारे गृहस्थ; पण गिऱ्हाइकाशी आणि काकांशी अस्सल शहापुरी मराठीत. ते म्हणाले, "तुमचा महापौर झाला म्हणून माझी पाणीपट्टी वाढत नाही, आमचा झाला म्हणून कमी होत नाही. पण तुमचा बसला की लोकांना आधी ठराव आठवतो. आम्ही तिसऱ्या पिढीचे इथले. मग आम्ही कुठं जायचं, सांगा की." काका त्यांना म्हणाले, "तुम्ही कुठं जायचं नाही. आम्हीही गेलो नव्हतो. आम्हाला न विचारता गावच गेलं." दोघेही हसले आणि पुढे बराच वेळ कापसाच्या भावावर बोलत बसले. माझ्या मते सीमाभागातल्या राजकारणाचे इतके नेमके निवेदन मी कोणत्याही व्यासपीठावर ऐकलेले नाही.

निपाणीला हाच वाद वेगळ्या सुरात ऐकू येतो. कोल्हापूरहून कागल ओलांडले की लगेच निपाणी; तिथे आमची आत्या आहे आणि तिच्या घरची तंबाखूची वखार. निपाणीत महापौर नाही, नगराध्यक्ष असतो, पण 'कुणाचा?' हा प्रश्न तिथेही तोच. फरक असा की निपाणीकराच्या आठवणीत १९८१ साल आहे. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी १४ मार्चपासून पुणे-बंगलोर महामार्गावर बसले. चोवीस दिवसांनी, ६ एप्रिलला, गोळीबार झाला आणि बारा शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या रस्त्यावर मराठी आणि कन्नड बोलणारे एकाच ओळीत बसले होते. आत्याचा मुलगा म्हणतो, "आमच्याकडं जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, भांडण मराठीत, आणि तंबाखूचा भाव पडतो तो दोन्ही भाषांत." त्यामुळे निपाणीचा मतदार उमेदवाराची भाषा पाहतो, नाही असे नाही, पण ती पाहून झाल्यावर त्याला आणखी काही विचारायचे असते.

आता 'महापौर कुणाचा?' या प्रश्नाची दैवाने कशी थट्टा केली पाहा. २०१८ साली बेळगावच्या सभागृहात बहुमत मराठी गटाचे होते. पण पद अनुसूचित जमातीसाठी राखीव निघाले आणि त्या वर्गाचा नगरसेवक मराठी गटाकडे नव्हता. महापौर झाले कन्नड गटाचे बसप्पा चिक्कलदिन्नी. पुढे २०२१ च्या निवडणुकीत मराठी गटाचे सभागृहच हातचे गेले. महापौर निवडायलाही दीड वर्ष गेले. अखेर ६ फेब्रुवारी २०२३ रोजी भाजपच्या शोभा सोमनाचे बिनविरोध महापौर झाल्या आणि रेश्मा पाटील उपमहापौर. दोघीही मराठी! म्हणजे मराठी बहुमताच्या सभागृहाने कन्नड महापौर पाहिला आणि मराठी गट हरलेल्या सभागृहाने मराठी महापौर दिला. विधानसभेत तर २०१३ साली माजी महापौर संभाजी पाटील यांच्यासह समितीचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही.

यावरून कुणी म्हणतात, मराठी माणूस जिंकला. भाषा आता सर्वच पक्षांना घ्यावी लागते. कुणी म्हणतात, मराठी माणूस खुर्चीत बसला, पण मराठीचा प्रश्न दाराबाहेर राहिला. मला दोन्ही म्हणण्यांत अर्धे अर्धे तथ्य दिसते. पक्षाच्या महापौराला घरी मराठी बोलता येते, सभागृहात पक्षाचे बोलावे लागते. आणि पूर्वीच्या मराठी महापौराला सभागृहात मराठीचे बोलता येई. पण त्याच्या प्रभागातल्या हंड्यांचा जाब त्याला फारसा कुणी विचारीत नसे, कारण तो 'आपला' होता. 'आपला' म्हटले की जाब विचारायचा नाही, ही सवय आपण मराठी घरांनीच लावून घेतली. २०२१ चा फटका केवळ फुटीचा नाही. न विचारलेल्या जाबांचाही आहे, असे माझे मत झाले आहे.

आपण कोल्हापूरकरांनी हे लांबून पाहून मान हलवावी, असेही नाही. आपल्या महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढे काही वर्षे इथे प्रशासकच होता. त्या काळात 'महापौर कुणाचा?' असा वाद घालायची सोयही आपल्याला नव्हती, आणि त्याची खंत किती घरांत व्यक्त झाली? बेळगावकराची महापालिका दोनदा बरखास्त झाली. तरी त्याचा वाद थंड झाला नाही. लोकशाहीची चाड कुणाला अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढली निवडणूक येईल तेव्हा उमेदवार पुन्हा शहापुरातल्या त्या दारात उभा राहील. त्याला काकांनी मराठी कागदांविषयी विचारावे, वहिनींनी पाण्याचा वार विचारावा, नातवाने आपल्याला पटेल ते विचारावे आणि शेजारच्या व्यापाऱ्यांनीही येऊन आपला प्रश्न घालावा. एकाच्या प्रश्नासाठी दुसऱ्याने आपला प्रश्न मागे घेऊ नये. चौघांनाही तोंड देऊ शकेल असा उमेदवार विरळा, हे मी जाणतो. पण चौघांनी विचारलेच नाही, तर तो कधीच तयार होणार नाही.