नवे मॉडेल आल्यावर जुन्या गाडीचे काय?

व्यापारात एक अनुभव आपणा सर्वांना येतो. दुकानात नवा माल लागला की शेजारच्या फळीवरील जुन्या मालाचा भाव उतरतो. वास्तविक कालपर्यंत तो माल जसा होता तसाच आजही असतो. त्याचे सूत सैल झालेले नसते की त्याचा रंग उडालेला नसतो. बदललेली असते ती गिऱ्हाईकाची नजर. भाव उतरणे आणि उपयोग उतरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की माणूस चांगली वस्तू पडत्या भावाने देऊन टाकतो व नवी वस्तू चढ्या भावाने, बहुधा कर्ज काढून, घरी आणतो.

मोटारींच्या बाबतीत ही गल्लत सर्वांत महाग पडते. आपल्या समाजातील हजारो हात या धंद्यात आहेत. कोणी इंजिनाचे काम करतो, कोणी डेंटिंग-पेंटिंग, कोणी सीट व हूड शिवतो, कोणी जुन्या स्पेअर पार्टचा व्यापार करतो. या सर्वांना गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारते, "नवे मॉडेल आले आहे, ही गाडी विकू की ठेवू?" या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे हे समजण्यासाठी आम्ही आज एका जपानी स्पोर्ट्स कारचे उदाहरण घेत आहोत. हौसेच्या गाडीचे उदाहरण मुद्दाम निवडले आहे, कारण अशा गाडीत नव्या मॉडेलचा मोह सर्वाधिक असतो.

हिरोशिमाची दोन आसनी गाडी

मझदा हे नाव आपल्याकडे लोकांनी वाचले ते 'स्वराज मझदा' या मालवाहू गाड्यांवर. ती मूळ जपानी कंपनी हिरोशिमाची. तिने फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथील मोटार प्रदर्शनात एक लहानशी, दोन आसनांची, कापडी हूडची गाडी मांडली. अमेरिकेत तिला 'मियाटा' म्हणतात, जपानात 'रोडस्टर' आणि इतरत्र 'एमएक्स-५'.

गाडी दिसायला साधी होती. इंजिन १.६ लिटरचे, जपानी गाडीत ताकद सुमारे १२० अश्वशक्ती, वजन ९४० किलोच्या आसपास. आकडे पाहिले तर यात डोळे दिपण्यासारखे काही नाही. परंतु इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, वजन दोन्ही बाजूंना जवळजवळ समान आणि बसण्याची जागा जमिनीलगत, अशी तिची रचना होती. घोडा व स्वार एक होतात तशी गाडी व चालक यांची एकतानता साधावी, हे बनविणाऱ्यांचे उद्दिष्ट होते. त्यामुळे ताशी साठ किलोमीटरच्या वेगातही वळणावर ती चालविण्याचा आनंद मिळत असे. गाडी एवढी खपली की पुढे गिनेस बुकाने सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची नोंद केली. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

या अवधीत मॉडेल तीनदा बदलले. दुसरे १९९८ मध्ये बाजारात आले, तिसरे २००५ मध्ये आणि चौथे २०१५ मध्ये. प्रत्येक वेळी जुन्या गाडीच्या मालकापुढे तोच प्रश्न उभा राहिला.

नव्यात काय आले, जुन्यात काय राहिले

हिशेब सरळ मांडू या. दुसऱ्या मॉडेलमध्ये हूडची मागची खिडकी प्लॅस्टिकऐवजी काचेची झाली आणि गाडीचा सांगाडा अधिक मजबूत झाला. पुढील मॉडेलांत इंजिनाची ताकद, ब्रेक आणि अपघातात जीव वाचविणारी साधने यांत मोठी सुधारणा झाली. नव्या गाडीचा हा गुण नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला रोज मुलाबाळांना घेऊन भरधाव महामार्गावरून जायचे आहे, त्याला तीस वर्षांपूर्वीची दोन आसनी गाडी ठेवण्याचा सल्ला कोणताही प्रामाणिक मिस्त्री देणार नाही.

आता दुसरी बाजू. पहिल्या मॉडेलचे हेडलाइट बटण दाबताच बॉनेटमधून वर उठत. नवे मॉडेल येताच ते कायमचे गेले. पहिल्या मॉडेलच्या साध्या प्रकारात पॉवर स्टिअरिंग नव्हते. त्यामुळे रस्ता कोठे खडबडीत आहे, चाक कोठे घसरू पाहते आहे, हे थेट हाताला कळे. तिसरे मॉडेल अकराशे किलोच्या घरात गेले. तेव्हा जुन्या मालकांना आपल्या हलक्या गाडीची किंमत नव्याने कळली. विशेष म्हणजे ती कंपनीलाही कळली. चौथ्या मॉडेलमध्ये तिने शंभराहून अधिक किलो वजन उतरविले आणि गाडीची लांबी पहिल्या मॉडेलपेक्षाही कमी केली. नवे मॉडेल प्रत्येक बाबतीत पुढेच जाते ही समजूत किती फोल आहे, हे यावरून दिसते.

म्हणून विकण्यापूर्वी मालकाने स्वतःला विचारावे, ही गाडी मी कशासाठी घेतली होती? ते काम ती आजही तितकेच चांगले करीत असेल, तर शोरूममध्ये दुसरी गाडी आल्याने काय बिघडले?

नवे मॉडेल जुन्याला मदतही करते

ही बाब फार थोड्यांच्या लक्षात येते. पहिली मदत भावाची. नवे आले की जुन्याचा भाव पडतो. विकणाऱ्याचा यात तोटा असला तरी घेणाऱ्याचा फायदा असतो. कोणत्याही गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने घसरते, पुढे घसरण मंदावते. ज्या मोजक्या गाड्यांना लोकांची माया लाभते, त्यांचा भाव तळ गाठून पुन्हा वर येतो. रोडस्टरच्या पहिल्या मॉडेलचे असेच झाले. एके काळी ती स्वस्तातील जुनी गाडी होती, आज तिच्या नीट राखलेल्या नगाला शौकीन चांगले दाम मोजतात. मात्र भाव वाढेल या आशेने गाडी कोंडून ठेवणे आम्हाला पसंत नाही. उभी गाडी आतून खराब होते आणि भावाची खात्री कोणी देऊ शकत नाही.

दुसरी मदत सुट्या भागांची. दुसऱ्या मॉडेलचे काचेच्या खिडकीचे हूड पहिल्या मॉडेलवर बसते. पहिल्या मॉडेलमध्येच १९९३ साली १.८ लिटरचे इंजिन आले, त्या गाडीचे मोठे ब्रेक आधीच्या १.६ लिटरच्या गाडीला लावता येतात. म्हणजे नव्याने जुन्याची उणीव भरून काढली. जो कारागीर कोणता भाग कोणत्या मॉडेलला चालतो याची नोंद ठेवतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुरून येते.

तिसरी गोष्ट मनाची आहे. गाडी सर्वांत नवी राहिली नाही की ती मिरविण्याचे ओझे उतरते. एक ओरखडा पडला तर झोप उडत नाही. शेजाऱ्याने काय घेतले याची चौकशी थांबते. मग गाडी चालविण्याचा खरा आनंद सुरू होतो.

राखण कशी करावी?

जुन्या गाडीचा आनंद तिच्या देखभालीवर उभा असतो. या गाडीचे दोष सर्वज्ञात आहेत आणि त्यांतून कोणत्याही जुन्या गाडीसाठी धडा घेता येतो.

पहिला शत्रू गंज. हूडवरून वाहणारे पाणी आसनांच्या मागील दोन नळ्यांतून खाली जाते. पालापाचोळा साचून नळ्या तुंबल्या की पाणी दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यात शिरते आणि आतून कुजवत नेते. बाहेरून रंग चकचकीत, आत पत्र्याचा भुगा! नळ्या साफ करणे पाच मिनिटांचे काम आहे. ते टाळले तर पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

दुसरे, टायमिंग बेल्ट. तो सुमारे ९६ हजार किलोमीटरला बदलावा लागतो. या इंजिनात बेल्ट तुटला तर गाडी जागीच बंद पडते, पण व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. सर्वच इंजिने इतकी दयाळू नसतात. म्हणून गाडी कमी चालली असली तरी बेल्टचे वय विचारावे, कारण रबर उभ्या गाडीतही जुने होते.

तिसरे, प्लॅस्टिकची खिडकी. हूड दुमडण्यापूर्वी तिची चेन उघडून खिडकी सपाट ठेवायची असते. घाईत तसेच दुमडले तर प्लॅस्टिकला घडी पडते आणि थंडीत तेथेच तडा जातो.

चौथे, टॅपेटचा टकटक आवाज. पुष्कळदा तो इंजिन गेल्याचा नसतो, ऑइल वेळेवर न बदलल्याचा असतो. आधी ऑइल बदलून पाहावे, मग इंजिन उघडावे. वर उठणारा हेडलाइट अडकला तर बॉनेटखालील मोटरची गुंडी हाताने फिरवून तो उठविता येतो. हे ठाऊक नसल्याने अख्खी मोटर बदलणारे असतात. जुन्या गाडीत ज्ञान हाच सर्वांत स्वस्त स्पेअर पार्ट होय.

आपल्याकडे आता यात एका गोष्टीची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व कार्बोरेटरमधील सील त्यासाठी बनविलेले नव्हते. ते तपासून योग्य जातीचे बसविणे हे काम आज प्रत्येक गॅरेजात निघू शकते.

कंपनी स्वतः मागे वळली

जपानात जुनी गाडी ठेवणे सोपे नाही. पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी कडक तपासणी होते आणि पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की वार्षिक कर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. तरीही रोडस्टरच्या पहिल्या मॉडेलचे मालक गाड्या सोडेनात. अखेर २०१७ मध्ये मझदाने जाहीर केले की, या मॉडेलच्या गाड्या कंपनी स्वतः पूर्ववत करून देईल. २०१८ पासून हे काम सुरू झाले. त्यासाठी बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनविण्यात आले. हूड, चाके, लाकडी स्टिअरिंग, गीअरची मूठ आणि त्या काळच्या मापाचे टायरसुद्धा.

व्यापाऱ्याने यातील मर्म ओळखावे. ज्या कंपनीचे पोट नव्या गाड्या विकण्यावर चालते, तिलाही तीस वर्षे जुन्या गाडीच्या मालकात गिऱ्हाईक दिसले. नवी गाडी विकून नफा एकदाच मिळतो. जुनी गाडी चालू ठेवून नाते वर्षानुवर्षे टिकते.

आपल्या कारागिरांसाठी

रोडस्टर आपल्या गॅरेजात येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पद्मिनी, कॉन्टेसा, जुनी जीप, आरएक्स १०० मोटारसायकल या येतात, आणि त्यांचे मालकही त्याच मायेने येतात. कुर्ल्याच्या व चोर बाजाराच्या गल्ल्यांत सुट्या भागांची जी ओळख आहे, ती कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ही विद्या बापाकडून मुलाकडे गेली, पण कागदावर उतरली नाही. ती उतरवावी. केलेल्या कामाची तारीख, बदललेला भाग आणि छायाचित्र यांची वही प्रत्येक गाडीमागे ठेवावी. पुढे गाडी विकली गेली तरी ती वही तुमची साक्ष देते.

कायद्याचेही भान असावे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे टिकते, परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालविता येत नाही. त्याहून अलीकडच्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे, काम झाल्यावर नव्हे.

शेवटी दीनच्या दृष्टीने दोन शब्द. कुरआनने इस्राफपासून रोखले आहे, आणि चालती वस्तू केवळ जुनी दिसते म्हणून टाकून देणे हा इस्राफच आहे. नव्या मॉडेलचा मोह बहुतेकदा व्याजी कर्जाच्या दारातून घरात शिरतो. फेडून झालेली गाडी दारात उभी असताना रिबाचे ओझे डोक्यावर का घ्यावे? तथापि जुन्याच्या प्रेमापोटी घरखर्चाला कात्री लावून गाडीवर पैसा ओतणे हाही इस्राफच होय. मर्यादा दोन्हीकडे आहे. जकातीचा हिशेबही ध्यानात ठेवावा. स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, पण विक्रीसाठी ठेवलेल्या गाड्या व सुटे भाग हा व्यापारी माल आहे. निसाब पुरा होत असेल तर वर्षाअखेर त्याची चालू भावाने किंमत धरून अडीच टक्के काढणे वाजिब आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ऐब लपवू नका. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून, वर रंग मारून गाडी विकणे हा धोका आहे आणि तो हलाल रोजीत बसत नाही. त्या पत्र्याच्या भरवशावर कोणाची तरी मुलेबाळे प्रवास करणार असतात. दोष दाखवून, दुरुस्तीचा खर्च सांगून, मग भाव ठरवा. एखादा सौदा हातचा जाईल. पण ज्या मिस्त्रीने "ही गाडी घेऊ नका" असे एकदा खरे सांगितले, त्याच्याच शब्दावर पुढची गाडी घेतली जाते.

"विकू की ठेवू?" असे गिऱ्हाइकाने विचारले तर त्याला तीन गोष्टी विचारा. गाडीचे काम तिला जमते आहे काय? पत्रा आतून शाबूत आहे काय? राखण्याचा खर्च कर्जाविना झेपतो काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर सांगा, नवे मॉडेल खुशाल येऊ द्या. तुमची गाडी ठेवा, आणि चालवा.