शेल खडकातील वायूचे गणित

खडकातून द्रव किती वेगाने झिरपतो, याचा नियम फ्रेंच अभियंता आंरी दार्सी यांनी १८५६ साली वाळूवरील प्रयोगांतून मांडला. दाबातील फरक जितका अधिक, तितका प्रवाह अधिक, हे त्याचे सार होय.

चिखलाचे थर दाबले जाऊन बनलेल्या शेल खडकात मात्र एवढ्याने भागत नाही. त्यातील बहुतेक छिद्रे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतात. वायूचे रेणू त्यांच्या भिंतींवरून घसरत पुढे सरकतात. या घसरणीसाठी क्लिंकेनबर्ग यांनी १९४१ साली दुरुस्ती सुचविली. शिवाय काही वायू खडकातील सेंद्रिय द्रव्याला चिकटलेला असतो व दाब उतरल्यावरच सुटतो. त्याचाही हिशेब समीकरणात धरावा लागतो.

या गणिताला व्यावहारिक मोल आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात बार्नेट शेलमधील विहिरींचे उत्पादन आरंभीच्या काळातच झपाट्याने घटते, असा अनुभव आहे. केवळ पहिल्या महिन्यांच्या आकड्यांवर विसंबल्यास अंदाज फसतो. भारतात दुर्गापूरजवळ २०११ साली शेल वायू आढळला. खडक फोडून वायू मोकळा करण्यास पाणी व पैसा दोन्ही विपुल लागतात. म्हणूनच विहीर खोदण्यापूर्वी हे गणित काटेकोरपणे मांडणे अगत्याचे ठरते.