खारपाणपट्ट्यातील काळी माती

नागपूर शहरात, मग ते धंतोलीत असो की महालात, नळाला येणारे पाणी पेंच व कन्हान या नद्यांचे गोडे पाणी होय. तेथून आगगाडीने पश्चिमेकडे निघावे आणि वर्धा, बडनेरा, मूर्तिजापूर ही स्थानके मागे टाकून सुमारे २५० किलोमीटरांवरील अकोल्यास उतरावे. या बाजूस पूर्णा नदीच्या खोऱ्यात कित्येक गावी विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रदेशास खारपाणपट्टा म्हणतात.

येथील जमीन पाहून परका मनुष्य फसतो. माती खोल आणि काळीभोर. वर मिठाचा पांढरा थर बहुधा दिसत नाही. परंतु पाऊस पडला म्हणजे तिचे खरे रूप कळते. पाणी मुरत नाही, शेतात तुंबून राहते. वाफसा लवकर येत नाही आणि पेरणीचे मोलाचे दिवस हातचे जातात. पुढे ऊन तापले की तीच माती दगडासारखी कठीण होते व तिची ढेकळे वखराला दाद देत नाहीत. अशा जमिनीस शेतकरी चोपण जमीन म्हणतात.

असे का होते? चिकणमातीचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यांसारखे असतात. कॅल्शियम त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे माती रवाळ राहते व तिच्यातून हवापाणी खेळते. सोडियमची पकड मात्र ढिली असते. त्याचे प्रमाण वाढले, की ओले कण सुटे होऊन पाण्यात पसरतात आणि मातीतील छिद्रे बुजवून टाकतात. हे तुम्हांला स्वतः पाहता येईल. दोन पेल्यांत पावसाचे पाणी घ्या. एकात चांगल्या जमिनीचे व दुसऱ्यात चोपण जमिनीचे लहानसे कोरडे ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका. काही तासांनी चोपण मातीभोवती दुधट, गढूळ वलय दिसू लागेल.

नवल हे, की या मातीत कॅल्शियमची वाण नाही. कोरड्या हवेमुळे तो चुनखडीच्या खड्यांत अडकून पडतो, आणि कणांभोवतीची त्याची जागा सोडियम घेतो. कोठीत धान्य आहे, पण कोठीला कुलूप आहे, असाच हा प्रकार!

मातीच्या कणांनी धरलेल्या अशा द्रव्यांत सोडियम शेकडा १५ झाला म्हणजे जमीन बिघडली, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९५४ साली ठरविले व ते माप पुष्कळ ठिकाणी रूढ झाले. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यातील मातीची परीक्षा केली, तेव्हा निराळेच आढळले. येथे सोडियम शेकडा ५ च्या आसपास पोहोचताच पाणी मुरणे मंदावते. म्हणजे जुन्या मापाने जी शेते निर्दोष ठरली असती, त्यांतील कित्येक आधीच आजारी होती.

यावर मुख्य औषध जिप्समचे. त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो. मात्र किती जिप्सम घालावे हे माती तपासूनच ठरवावे लागते. शिवाय सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून गेला पाहिजे. शेतात चर नसतील, तर जिप्समवर केलेला खर्च वाया जातो. धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडला, तर तो कुजताना निघणाऱ्या आम्लांनी चुनखडी थोडी थोडी विरघळते, आणि कुलूपबंद कॅल्शियम मोकळा होतो. हे काम सावकाश चालते, पण गरीब शेतकऱ्याला परवडते.

विहिरीचे खारे पाणी पिकास देणे मात्र घातक. त्याने एखादे पीक हाती लागेल; पण सोडियमची भर पडून जमीन आणखी बिघडेल. म्हणून या भागातील शेतकरी शेततळी खोदून पावसाचे गोडे पाणी साठवितात आणि पावसाने दडी मारली, की तेच कापसाला किंवा पुढे हरभऱ्याला देतात.