भ्रमणध्वनी, अंधोपयोगी

पडद्यावरील मजकूर ऐकून व स्पर्शाने आज्ञा देऊन दृष्टिहीन व्यक्तीस परसाहाय्यावाचून वापरता येणारा भ्रमणध्वनी संच. हा वेगळा यंत्रप्रकार नव्हे. सर्वसाधारण स्मार्टफोनमधीलच ‘स्क्रीन रीडर’ या आज्ञावलीमुळे ही सोय होते. बटनांच्या जुन्या संचांवर अशी आज्ञावली बहुधा निराळी विकत घ्यावी लागे. २००९ मध्ये आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ व अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ अंगभूत आल्या आणि सपाट काच हा अंधांच्या मार्गातील अडसर राहिला नाही. काचेवर बोट फिरविले असता बोटाखालील घटकाचे नाव उच्चारले जाते आणि पडद्यावर कोठेही दोनदा टिचकी मारली की तो घटक कार्यान्वित होतो. सरावलेले लोक इतक्या जलद गतीने ऐकतात, की शेजारच्यास एक शब्दही कळत नाही. पडदा काळा ठेवून काम करता येत असल्याने गुप्तताही राखली जाते.

दूरध्वनी फलकावरील चालक हा अंधांचा एक रूढ व्यवसाय होता. स्वयंचलित केंद्रांमुळे त्या जागा घटल्या. आता पत्रव्यवहार, हिशेब, छापील कागदाचे वाचन व मार्गशोधन ही कामे या एकाच साधनावर होऊ शकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार शासकीय आस्थापनांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी १ टक्का जागा राखीव आहेत.

रोख रकमेची हाताळणी हा मात्र सर्वांत नाजूक भाग होय. नाशिक रोड येथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेची महाराष्ट्र शाखाही नाशिकमध्येच आहे. अंध व्यक्ती नोट मुख्यतः लांबीवरून ओळखत. पूर्वीच्या शंभर व पाचशेच्या नोटांच्या लांबीत १० मिमी. फरक होता (१५७ व १६७ मिमी.). २०१६ नंतरच्या मालिकेत शंभर, दोनशे व पाचशेच्या नोटा अनुक्रमे १४२, १४६ व १५० मिमी. लांबीच्या आहेत. चार मिलिमीटरांचा हा भेद घाईत बोटांना जाणवणे कठीण. उठावदार खुणाही वापराने झिजतात. या नोटांविरुद्ध उपर्युक्त संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे भ्रमणध्वनी उपयोजन प्रसृत केले. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेचे मूल्य ते आवाजाने व कंपनाने सांगते. त्यास इंटरनेट लागत नाही. प्रारंभी हिंदी व इंग्रजी असलेल्या या सोयीत पुढे मराठीची भर पडली. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्यास ही उणीव लहान नव्हे.

उपयोजनाच्या रचनाकाराने बटनास नाव दिले नसेल, तर वाचक केवळ ‘बटन’ एवढेच उच्चारतो. ओळख-पडताळणीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अटही अनेकांना अशक्य ठरली. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची उपलब्धता हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निर्णय देऊन, पडताळणीची पद्धत सुगम करण्याचे निर्देश दिले.

मराठी कचेऱ्यांतील अडचण याहून साधी आहे. युनिकोडपूर्व अक्षरसंचांत टंकलिखित केलेला मजकूर वाचकास निरर्थक ध्वनींसारखा भासतो. परिपत्रकाचे छायाचित्र पाठविल्यास त्याची अक्षरओळख निराळी करावी लागते आणि जोडाक्षरे व पुसट शिक्क्यांपाशी ती चुकते.